कढीपत्त्याआडची चौकशी

आमच्या आणि वहिनींच्या घरांमधली भिंत छातीइतकीच उंच आहे. गवंड्याला विटा कमी पडल्या, की पुढचं सगळं ओळखून त्यानं ती तेवढ्यावर सोडली, कोण जाणे. भिंतीच्या माझ्या अंगाला कढीपत्ता, त्यांच्या अंगाला शेवगा. सकाळी साडेनऊला घरं रिकामी झाली की पलीकडून हाक येते, "अहो, चार पानं टाका की कढीपत्त्याची." चार पानांना पाऊण तास लागतो. पोस्टातल्या चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्तीचं जे काही सुख माझ्या वाट्याला आलंय ते या पाऊण तासात आहे. घरात मी हे बोलून दाखवत नाही.

तर परवा पानं मागायच्या आधीच वहिनी म्हणाल्या, "कळलं का? आजीची थोरली चार दिवस झाले शाळेत जाईना."

आमच्या गल्लीत आजी म्हटलं की कोपऱ्यावरच्या पत्र्याच्या खोलीतल्या आजी. बाकीच्या म्हाताऱ्यांना आडनावं आहेत, ह्यांना नुसतं आजी.

"कशानं जाईना?"

"कशानं म्हणजे? आठवीतली पोर. एक तर कुणीतरी टारगट मागं लागलं असेल. नाही तर म्हातारी लग्नाचं बघत असेल. नाही तर मिलमध्ये लावली असेल कामाला."

वहिनी अंदाज करतात तेव्हा एकदम तीन करतात. तिन्ही चुकले तर चौथा म्हणून खरं काय ते सांगून टाकतात, आणि तोही त्यांचाच होता असं वाटतं.

आजी डाळमिलमध्ये निवडणीला जातात. तूरडाळीतले खडे, काळे दाणे, न फुटलेली तूर बाजूला काढायची, दिवसभर मांडी घालून. संक्रांतीनंतर नवी तूर आली की काम जोरात, पावसाळ्यात आठवड्यातून तीन-चार दिवस मिळालं तरी नशीब. तीन वर्षांपूर्वी त्यांची लेक आजारानं गेली. वर्ष व्हायच्या आत जावई गेला. शेतीची लाइट रात्रीची, म्हणून रात्री पाणी द्यायला उठला, मोटारीचा शॉक बसला. पोरं दोन. थोरली तेव्हा पाचवीत, धाकटा अंगणवाडीत. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आजींनी दोघांना एसटीत घातलं आणि इकडं आणलं. बरोबर एक ट्रंक, एक पितळी घागर आणि एक शेळी. शेळी पुढं फीपायी गेली, घागर अजून आहे.

आमच्या भिंतीवर त्या वेळी ह्या विषयाला तीन आठवडे मिळाले होते. मी खोटं कशाला बोलू, माझाही त्यात वाटा होता. वहिनींचं म्हणणं, "ह्या वयात कशाला झेंगट घेतलं गळ्यात? आश्रमात टाकायची. सिंधुताईंनी एवढी पोरं सांभाळली, दोन त्यांना जड होती का?" सिंधुताई सपकाळ ४ जानेवारी २०२२ ला गेल्या, हे मी वहिनींना सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "माई गेल्या, आश्रम आहे की." ते खरंच. पण रक्ताची आजी पोरांना छातीशी धरून बसलेली असताना शेजारणीनं आश्रमाचा पत्ता सांगावा, ही आपल्याकडची जुनी सवय. मूल पोरकं झालं की आपल्या डोळ्यांपुढं पहिली इमारत येते. २०१५ चा बालन्याय कायदा मात्र उलटं सांगतो. मूल आधी घरात, नात्यात, ओळखीच्या माणसांत राहावं, संस्था सगळ्यात शेवटी. आजींनी कायदा वाचलेला नाही. त्यांनी फक्त ट्रंक उचलली.

"बरं, मग चौकशी केली का तुम्ही?" मी विचारलं.

"मी कशाला करू? लोक म्हणतील भोचक आहे."

हे त्या भिंतीवर कोपर टेकून म्हणाल्या.

तेवढ्यात गुरुजी दुधाची बरणी घेऊन रस्त्यावरून निघाले होते. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. घाईत असले की हमखास थांबतात. वहिनींनी त्यांना विषय दिला. गुरुजींनी बरणी भिंतीवर ठेवली, म्हणजे निदान वीस मिनिटं.

"पोरांना मदत तर होते आहे ना?" गुरुजी म्हणाले. "परवा त्या मंडळानं दप्तरं वाटली."

आता ह्या दप्तरांचं मला सांगायलाच हवं. आजींच्या धाकट्याकडं आज तीन दप्तरं आहेत. एक मंडळाचं, त्यावर अध्यक्षांचा फोटो. एक वाढदिवसाचं, ज्यांचा वाढदिवस त्यांचा फोटो. तिसरं कुणाच्या तरी वर्षश्राद्धाचं, त्यावर गेलेल्या माणसाचा फोटो. तिन्ही वेळा पोराला उन्हात उभं करून फोटो काढला आणि संध्याकाळी तो सगळ्यांच्या स्टेटसला लागला. पोराच्या पायात चप्पल नाही. कारण फोटोत पाय येत नाहीत. एकदा मी त्याला म्हटलं, "बाळा, एवढी दप्तरं काय करतोस?" तर म्हणतो, "एकात कांदे ठेवलेत आजीनं."

"आणि आजींना कुणी काय दिलं?" मी गुरुजींना विचारलं.

गुरुजींनी आठवून बघितलं. वहिनींनी आठवून बघितलं. मीही बघितलं. गौरीला खणाचा कापड-तुकडा, बस. पोरांना दप्तर, वह्या, बिस्किटं, केळी. आणि जी बाई ह्या पोरांना रोज दोन वेळा खायला घालते, रात्री ताप बघते, शाळेत सही करते, तिला आपण सगळ्यांनी मिळून फक्त शाबासकी दिली आहे. 'धन्य हो आजी तुमची.' शाबासकीची भाकरी होत नाही.

गुरुजींना ते लागलं असावं. ते त्यांच्या वडिलांवर गेले. वडील लहानपणी पोरके, चुलत्याकडं वाढलेले, शिकायला पुण्यात गेले आणि वार लावून जेवले. आताच्या पोरांना वार लावणं म्हणजे काय ते ठाऊक नसेल. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात वार सात घरं. ज्यांचे सहाच वार लागले ते सातव्या दिवशी चुरमुऱ्यांवर. कित्येक पोरं अशी शिकली आणि पुढं मोठी झाली, हे आपण कौतुकानं सांगतो.

"वडील सत्तरीला टेकले तरी गुरुवारी जेवताना बोलायचे नाहीत," गुरुजी म्हणाले. "गुरुवारच्या घरची बाई वाढताना हटकून विचारायची, 'आणि तुझ्या आईला काय झालं होतं रे?' दर गुरुवारी. पोट भरायचं, पण घास मोजून घ्यावा तसं ते उत्तर द्यायला लागायचं."

वहिनी म्हणाल्या, "आपण लावू या का वार पोरांना? मी बुधवार घेते."

"वहिनी," मी म्हटलं, "तुम्ही दर बुधवारी तेच विचाराल."

वहिनी रागावल्या नाहीत. खरं म्हणजे त्यांच्यात हा एक मोठा गुण आहे.

मग विषय गेला चुलत्यावर. जाणारच होता. चुलत्याशिवाय पोरक्या पोरांची गोष्ट पूर्ण होत नाही, आपल्या सगळ्या जुन्या सिनेमांनी तसं शिकवून ठेवलंय. पोरांच्या बापाची तीन एकर जमीन आहे, कसतो चुलता. सातबाऱ्यावर दोन्ही पोरांची नावं लागलेली आहेत आणि त्यांच्यापुढं 'अ.पा.क.' म्हणून चुलत्याचं नाव. अज्ञान पालनकर्ता. ही तीन अक्षरं वहिनींना कुठून कळली ते विचारू नये, पण कळली आणि त्यांनी निकाल लावला, "बघा, जमीन स्वतःच्या नावावर करून घेतली. आणि ते अपघाताचे दोन लाख? तेही त्यानंच खाल्ले. पोरं म्हातारीच्या गळ्यात आणि माल ह्याच्या घशात."

इथं मला बोलणं भाग होतं. अ.पा.क. म्हणजे मालक नव्हे. पोरं सज्ञान होईपर्यंत त्यांच्या वतीनं बघणारा, इतकंच. हिंदू अज्ञानांच्या पालकत्वाचा १९५६ चा कायदा असा आहे की सख्ख्या बापालासुद्धा अज्ञान मुलाची जमीन कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. चुलता तर लांबच. सातबारा ऑनलाइन दिसतो. नावं खोडली जाताहेत का ते कुणालाही मोबाइलवर दर सहा महिन्यांनी बघता येतं. ते बघायचं काम कुणी घेतलं होतं का? नाही. आम्ही फक्त चुलत्याचं बघत होतो.

आणि दोन लाखांचं तर मला माहीतच होतं, कारण मी आजींना विचारलं होतं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत शेतकरी अपघातात गेला, त्यात विजेचा शॉकही आला, तर घरच्यांना दोन लाख मिळतात. तालुका कृषी अधिकाऱ्याकडं तीस दिवसांच्या आत अर्ज द्यायचा असतो. चुलत्यानं ते पैसे खाल्ले नाहीत. कुणीच खाल्ले नाहीत. कुणी अर्जच केला नव्हता. त्या तीस दिवसांत चुलता भावाच्या मोटारीचं बिल, पीककर्ज आणि स्वतःच्या बायकोचं बाळंतपण यात होता. आजी पोरांची शाळा बघत होत्या. आणि ज्यांना ह्या योजनेचं नाव पाठ होतं ते आम्ही इथं भिंतीवर ते पैसे कुणी खाल्ले असतील त्याची चर्चा करत होतो.

चुलता दरसाल सुगी झाली की ज्वारीचं एक पोतं एसटीच्या टपावर टाकून पाठवतो. हे वहिनींना ठाऊक नव्हतं. मी सांगितल्यावर त्या जरा गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "एकच पोतं?"

पोस्टात असताना मी हजारो लोकांची मनीऑर्डर लिहिली, खाती उघडली, अंगठे घेतले. निराधारांचे पैसे वाटले. योजनांची नावं माझ्या जिभेवर आहेत. आणि चाळीस पावलांवर आजी तीन वर्षं राहत होत्या. मला वाटत होतं, कुणीतरी केलं असेल. गुरुजींना वाटत होतं, मी केलं असेल. वहिनींना वाटत होतं, सरकार घरी येऊन देत असेल.

तर महिन्यापूर्वी मी कागदांना हात घातला. आता त्यातलं काय काय ते सांगते, कारण कुणाच्या तरी गल्लीत उपयोगी पडेल. आपल्या राज्यात बालसंगोपन योजना आहे. हल्ली तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. आई-बाप नसलेली, किंवा एकच पालक असलेली, अठरा वर्षांखालची मुलं जी संस्थेत न जाता घरात, नात्यात वाढतात त्यांच्यासाठी. पूर्वी मुलामागं महिन्याला ४२५ रुपये होते. मग ११०० झाले, २०२३ पासून २२५०. म्हणजे आजींच्या दोन पोरांचे ४५००. दरमहा हातात पडतील अशी कल्पना करू नये, हप्ते साचून साचून येतात. पण येतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याकडं, घरी येऊन पाहणी, आणि शेवटी बालकल्याण समितीचा आदेश. ही समिती दर जिल्ह्यात असते. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये मुलामागं ४००० आहेत, त्याला खेड्यात घरचं वर्षाचं उत्पन्न ७२ हजारांच्या आत लागतं. संजय गांधी निराधार योजनेतही अनाथ मुलं बसतात, ती तहसीलला. कुठलं बसतं ते एकदा नीट विचारून घ्यावं, सगळीकडं अर्ज टाकून ठेवू नयेत.

"आणि ते पाच लाख?" गुरुजींनी विचारलं.

ते कोविडचे. २०२१ मध्ये कोविडनं दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावावर राज्यानं पाच लाखांची ठेव ठेवली, पीएम केअर्समधून तेविसाव्या वर्षी दहा लाखांची तरतूद झाली. चांगलंच झालं, त्या पोरांना मिळायलाच हवं होतं. पण कावीळ, शॉक, रस्त्यावरचा ट्रक ह्यांनी ज्यांचे आई-बाप नेले त्यांचं दुःख त्या ठेवीत बसत नाही. मरणालाही हंगाम लागतो आपल्याकडं. हंगामात गेलात तर ठेव, अवेळी गेलात तर झेरॉक्स.

झेरॉक्स म्हणजे किती? आजींचा आधार, पोरांचे आधार, आईचा मृत्यूदाखला, बापाचा मृत्यूदाखला, रेशन कार्ड, तलाठ्याचा उत्पन्नाचा, शाळेचं बोनाफाईड, बँकेचं पासबुक. आईचा दाखला तिच्या सासरच्या ग्रामपंचायतीत, त्यात तिचं माहेरचं नाव. आधारात सासरचं नाव. शाळेच्या रजिस्टरला टोपणनाव. एकाच बाईच्या तीन बायका झालेल्या. ते जुळवायला मला तीन खेपा लागल्या. आजींना एका खेपेला मिलमधला एक दिवस बुडवावा लागतो. म्हणजे गरिबाला मदत मिळवायची तर आधी त्यानं पदरचे पैसे खर्च करायचे. ह्याचा हिशोब कुठल्याच अर्जात नाही.

एका खिडकीवर तर गंमतच झाली. कुठली ते सांगत नाही. पलीकडचा मुलगा तसा नीट बोलत होता, पण म्हणाला, "आजी आहेत ना सांभाळायला? मग पोरं अनाथ कशी?"

आजी म्हणाल्या, "मग मी आता मरू का काय, लेका?"

मुलाची चूक धरवत नाही. कायद्यातली व्याख्या मी पुढं गुरुजींकडून वाचवून घेतली. बालन्याय कायद्यात अनाथ म्हणजे ज्याला जन्मदाते, दत्तक घेणारे किंवा कायदेशीर पालक नाहीत, अथवा पालक आहेत पण सांभाळायला राजी नाहीत किंवा सांभाळू शकत नाहीत असं मूल. वाचून बघावं तसं वळतं. ज्याला माया करणारी म्हातारी आहे ते नीट बसत नाही. राज्यानं २०१८ मध्ये अनाथांना एक टक्का आरक्षण दिलं, तेव्हाही आधी ज्यांचा आगापिछा कुणालाच ठाऊक नाही अशी मुलंच डोळ्यांपुढं होती. नंतर नियम सुधारले आणि संस्थेबाहेर, नातेवाइकांकडं वाढलेलीही त्यात आली. त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं.

गुरुजींना 'अनाथ' शब्द सापडल्यावर ते थांबतात होय? म्हणाले, "महर्षी कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, त्यात विधवाच होत्या. तेव्हा जिला नाथ नाही ती अनाथ."

वहिनी म्हणाल्या, "म्हणजे आजीच खऱ्या अनाथ निघाल्या की."

ह्यावर आम्ही तिघंही हसलो, आणि हसू जरा लवकर संपलं.

दुपारी मी कोपऱ्यावर गेले. आजी कामावर होत्या. थोरली दारात बसून धाकट्याच्या शर्टाला गुंडी लावत होती. मी तिच्याशी इकडचं तिकडचं बोलले. पोस्टात असताना शिकलेली एक गोष्ट आहे, माणसाला अडचण विचारायची नाही, फॉर्म भरायला बसायचं. अडचण आपोआप बाहेर येते. मी अर्ज काढला. तिला म्हटलं, अक्षर तुझं चांगलं आहे, तूच भर. नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. 'बालकाचा प्रकार' असा रकाना आला तिथं पेन थांबलं.

"काकू, हे लिहायलाच लागतं का?"

मग निघालं. कुठल्या तरी यादीसाठी वर्गात विचारलं होतं, 'ज्यांना आई-वडील नाहीत त्यांनी हात वर करा.' बाईंच्या मनात वाईट नव्हतं, पोरांना काहीतरी मिळावं म्हणूनच यादी होती. हिनं हात वर केला नाही. मागच्या बाकावरच्या मैत्रिणीनं हिचा हात धरून वर केला, तीही मदत म्हणूनच. मधल्या सुट्टीत कुणीतरी त्या शब्दानं हाक मारली. दुसऱ्या दिवसापासून हिचं डोकं दुखतंय.

टारगट नव्हता. लग्न नव्हतं. मिल नव्हती.

शाळेचं नाव मी सांगणार नाही. त्या बाईंना मी संध्याकाळी घरी जाऊन भेटले. त्यांनी दोन्ही कानांना हात लावला आणि म्हणाल्या, "माझ्या लक्षातच आलं नाही हो." त्यांच्याकडं बासष्ट पोरं आहेत आणि वर्षभर याद्याच याद्या. शाळेच्या दप्तरात सगळं लिहिलेलं असतं, हात वर करायला लावायची गरजच नसते, एवढंच मी म्हटलं. निघताना त्यांनी एक कामाचं सांगितलं. पोर हुशार आहे, आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते, उत्पन्नाची अट साडेतीन लाखांची, पास झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२ हजार. त्या स्वतः तयारी करून घेणार आहेत. ती शिष्यवृत्ती कुणाला कीव येते म्हणून मिळत नाही, गुण पडले म्हणून मिळते. थोरलीला ती बातमी मी तशीच सांगितली. पाचव्या दिवशी तिचं डोकं थांबलं.

आता राहिला फोटो. अर्जाला मुलांचा पालकासोबत घरासमोर काढलेला फोटो लागतो. रविवारी सकाळी गुरुजींचा नातू मोबाइल घेऊन आला. आजी नवं लुगडं नेसून, कपाळाला बुक्का लावून तयार. वहिनींनी काय केलं असेल? भिंतीवरून स्वतःची मोत्यांची माळ पुढं केली, "घाला हो आजी, फोटो कायमचा असतो."

गुरुजी घाबरले. "अहो, माळ काढा, अर्ज नामंजूर होईल! साधं दिसू द्या. गरीब दिसायला हवं."

वहिनी म्हणाल्या, "गरीब दिसायला पाहिजे असं लिहिलंय कुठं? घर दिसायला हवं म्हणतात ना? मागं पत्रा आहे की."

ह्यावर गल्लीत पंधरा मिनिटं वाद झाला. समोरच्या तिसऱ्या घरातूनही मत आलं. शेवटी थोरलीनं माळ आजींच्या गळ्यातून काढून वहिनींना परत दिली, आजींचा पदर नीट केला, धाकट्याच्या हातातलं अध्यक्षांच्या फोटोचं दप्तर काढून घरात फेकलं आणि म्हणाली, "काढा आता." फोटो चांगला आलाय. तिघंही सरळ बघताहेत. धाकट्याचे पाय दिसतात, आणि त्या पायांत चपला आहेत, त्या शनिवारी वहिनींनी आणल्या. कुणाला सांगू नका म्हणाल्या, म्हणून मी फक्त इथंच लिहिते आहे.

मला एवढंच कळलंय की पोरं सांभाळायचं काम आजीकडून कुणी काढून घेऊ नये, आणि कागदांचं काम आजीवर कुणी टाकू नये. तिच्यासोबत खिडकीपाशी उभं राहायला ज्यांच्याकडं वेळ आहे असे निवृत्त लोक आपल्या गावांत काही कमी नाहीत. सगळे सकाळी फिरायला जातात. एक फेरी जिल्ह्याला मारली तर चालणंही होतं. आणि मूल खरोखरच संकटात दिसलं, कुणी मारतंय, कामाला जुंपलंय, लग्न लावतंय, तर १०९८ हा नंबर आहे. तिथं फोन करणं म्हणजे भोचकपणा नव्हे.

काल साडेनऊला वहिनींनी हाक मारली. आजींच्या लेकरांचं काय झालं ते विचारलं, मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "पैसे सुरू झाल्यावर तो चुलता आता पोरांना न्यायला येईल, बघा."

मी म्हटलं, "येऊ दे की. ज्वारीची दोन पोती आणायला सांगू."

आमच्या तालुक्याहून जिल्ह्याला पहिली एसटी साडेसहाची. बालकल्याण समितीपुढं सोमवारचा दिवस मिळालाय. आजींना वाटतं त्या पंचाहत्तरच्या पुढच्या आहेत, तसं असतं तर तिकीट फुकट होतं. पण आधार कार्डावर एकसष्ट आहे, म्हणून बाईमाणसाचं अर्धं तिकीट. माझंही अर्धं. पोरांना समितीपुढं न्यायला हवं, म्हणून थोरलीनं शाळेत रजेचा अर्ज दिलाय. स्वतःच्या अक्षरात, कारणाच्या जागी लिहिलंय: घरगुती काम. वहिनी दशम्या आणि शेंगाची चटणी बांधून देणार आहेत. चटणीला कढीपत्ता लागतो, तो मी आजच संध्याकाळी भिंतीवर ठेवलाय.